वऱ्हाड सापडत नाही

नागपूरच्या काकांचा फोन आला की मी आधी घोटभर पाणी पितो. फावल्या वेळात मी एका मुक्त-स्रोत ऑफिस सॉफ्टवेअरचे बग निस्तरतो (नाव सांगत नाही, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला), हे एका लग्नात त्यांच्यासमोर बोलून गेलो आणि त्यांच्या लेखी सॉफ्टवेअरचा मालक मीच झालो.

"अरे, वऱ्हाडपांड्यांच्या कुलवृत्तांतात अर्धे वऱ्हाडपांडेच सापडून नाही राहिले! दोनशे पानांनंतर एकही नाही म्हणते. मला तर समोर दिसून राहिले!"

फाइल मागवली. पहिली दोनशे पानं काकांची, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलेली. पुढची आतेबहिणीची, फोनेटिक कीबोर्डवरची. वऱ्हाडं दिसायला जुळी, आतून सावत्र. त्या कोयत्यासारख्या अर्ध्या र चं युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी जमतं: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं एक अदृश्य अक्षर. माणसाला फरक दिसत नाही, मशीनला दुसरं काही दिसत नाही.

बगचा रीतसर अहवाल टाकला. एका जर्मन सहकाऱ्याने माझ्याच अहवालातला शब्द उचलून शोधला, त्याला तो अर्थातच सापडला, आणि त्याने शिक्का मारला: 'वर्क्स फॉर मी'. वीज गेल्यावर तक्रार करावी आणि पलीकडून "आमच्याकडे तर आहेत बुवा लाइट" असं ऐकावं, त्याचं हे इंग्रजी रूप.

त्याचाही फार दोष नाही, अशा तक्रारी ऐकायला अशक्यच वाटतात. उबंटू नावाच्या संगणकप्रणालीवर ओपनऑफिस मंगळवारी छापत नाही, अशी एकाच्या बायकोची तक्रार होती. ती खरी निघाली! फाइलचा प्रकार ओळखणारी एक छोटी आज्ञावली तारखेतलं 'ट्यू' बघून त्या फाइलला अर्लँग या प्रोग्रामिंग भाषेची फाइल समजत होती. पत्रिकेतला मंगळ परवडला.

दोन नमुना फाइली जोडल्यावर बग मान्य झाला. मग उपाय आला: शोधताना अदृश्य अक्षरं सरळ गाळा, एका ओळीचं काम. मी घाबरून लिहिलं की असं केलंत तर आतेबहिणीच्या पानांवर आचारी आणि आचार्य एक होतील. 'आचाऱ्यांना दक्षिणा द्या' आणि 'आचार्यांना दक्षिणा द्या' यांत फरक आहे, हे समजवायला लग्नाच्या पंगतीवर तीन परिच्छेद खर्ची घातले. उत्तर आलं, "दोघांनाही द्यावी. हरकत काय आहे?"

शेवटी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, मीच लिहिला. शोधण्याआधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत रूपांतर. आता सगळे सापडत होते, पण तीन अक्षरांची दोन झाल्यामुळे दर वऱ्हाडपांड्यामागे एक घर कमी पडत होतं. परिच्छेदातल्या सातव्यापाशी पोचेपर्यंत सापडलेला शब्द दाखवणारी निळी पट्टी सहा घरं मागे, 'कै.'वर. ते हिशेब जुळवण्यात दोन रविवार गेले. मग तपासणाऱ्याने लिहिलं, "छान. आता चाचणीही जोडा." तिसरा रविवार.

त्याच रविवारी काकांचा फोन. आवाजात विजय.

"राहू दे रे तुझं. मीच सोडवलं! नुसतं 'पांडे' शोधलं, सगळे मिळाले. म्हटलं, एकदाच सगळीकडे 'वऱ्हाडपांडे' बदलून टाकावं, म्हणजे भानगडच नाही."

मी फाइल उघडली. घरचे सगळे वऱ्हाडवऱ्हाडपांडे झाले होते. आणि आमच्याकडे देशपांडे जावई बरेच. ते देशवऱ्हाडपांडे.

"काका, अनडू करा."

"सेव्ह करून बंदही केली. प्रेसवाला थांबून राहिला आहे. उलटं कसं करायचं, सांग पटकन."

"सोपं आहे, काका. 'वऱ्हाडवऱ्हाड' शोधा आणि त्याजागी..." म्हणता म्हणता मी थांबलो. दोनशे पानांनंतर पहिलं वऱ्हाड आतेबहिणीचं होतं आणि दुसरं काकांचं.