जोधपूरभोवती वसंत नसतो, हे खरं नाही

फेब्रुवारी सुरू झाला की राजस्थानच्या सहलीविषयीचा एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. "वाळवंटात वसंत नसतो. थंडी संपली की थेट उन्हाळा. पाऊस पडल्याशिवाय तिथे फूल येत नाही. पक्षी मार्चपर्यंत निघून जातात, प्राणी रात्रीच फिरतात आणि तेही शहरापासून लांब, वाळूच्या टेकड्यांत. जे हिरवं दिसतं ती सगळी वेडी बाभूळ. तेव्हा फेब्रुवारीनंतर जोधपूरला किल्ला आणि निळी घरं सोडून पाहण्यासारखं काही नाही, बाकी रिकामी जमीन."

मजकूर सहलीपुरता असता तर सोडून दिला असता. पण 'तिथे काही नाही' हे वाक्य सहलीपुरतं राहत नाही. जमिनीचं काय करायचं हे ठरवणारी माणसंही तेच वाक्य बोलतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

सुरुवात पावसापासून करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

जोधपूरला वर्षाकाठी साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. हिवाळ्यात कधी मावठ पडते, ती शिडकाव्यापुरती. त्यामुळे गवतं, सराटा आणि जमिनीलगतच्या इतर वर्षायू वनस्पती पावसाळ्यात उगवतात, तेव्हाच फुलतात आणि थंडीच्या तोंडावर वाळून जातात. मार्चमध्ये पायाखालची जमीन उघडी, भुरकट असते. मजकूर इथपर्यंत बरोबर आहे.

त्यात भर पडते ती कॅलिफोर्नियातल्या फोटोंची. 2017 आणि 2019 साली तिथल्या वाळवंटी भागात नजर पोचेल तिथवर जमीन रंगीत झाली होती. ते फोटो आजही फिरतात, आणि वाळवंटातला वसंत म्हणजे तोच असं मनात बसतं. पण तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. बी थंडीत रुजतं आणि वसंतात फुलतं. जोधपूर ज्यात येतं त्या थरच्या वाळवंटात पावसाचं वेळापत्रकच उलटं आहे. तिथला वसंत जमिनीवर शोधला तर सापडणार नाही. तो झाडांवर आणि झुडपांवर येतो.

थरमधली बरीचशी झाडं वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत फुलतात. खेजडी घ्या. आपल्याकडे दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी हीच. शेतकरी हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटतात, कारण तिचा पाला, ज्याला तिकडे लूंग म्हणतात, शेळ्या-उंटांचा चारा आहे. छाटलेलं झाड बोडकं उभं असतं. मग हवा तापायला लागते आणि महिनोन्‌महिने पाऊस नसताना त्याला कोवळी पालवी फुटते. पाठोपाठ पिवळसर, दांडीसारखे फुलोरे येतात. हे शक्य होतं मुळांमुळे. खेजडीचं मूळ 30 मीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत. वरच्या मातीत ओल आहे की नाही, याच्याशी या झाडाला फारसं कर्तव्य नाही.

केराचा मार्ग वेगळा. आपल्याकडे माळरानावर याला नेपती म्हणतात. पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काटक्याच अन्न तयार करतात. पाणी उडून जायला पानच नसल्याने मार्च-एप्रिलच्या उन्हात हे झुडूप विटकरी-लाल फुलांनी भरतं. निवडुंगासारखा दिसणारा थोर हिवाळ्यात पानं गाळतो आणि त्याच्या काटेरी दांड्यांवर लालसर फुलं दिसू लागतात. रेताड जागी फोग असतो. त्याच्या बारीक फुलांच्या कळ्या वाळवून रायत्यात घालतात.

आणि रोहिडा. फाल्गुनात जोधपूरहून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, शेताच्या बांधावर एखादा तरी दिसेल. एक झाड पिवळंधमक, शेजारचं केशरी, तिसरं गडद लाल, आणि तिन्ही एकाच जातीची. फुलं मोठी, घंटेच्या आकाराची. वास नाही, कारण बोलवायचं असतं पक्ष्यांना, आणि पक्षी रंगावर येतात. 1983 साली याच फुलाला राजस्थानचं राज्यपुष्प केलं, आणि त्याच वर्षी खेजडीला राज्यवृक्ष. राज्याने निवडलेलं फूल वसंतात फुलतं, आणि सहलीच्या मजकुरात मात्र वसंतच नाही.

पण पाऊस नसताना फुलण्याचा खटाटोप का? उत्तर जुलैत आहे. मार्चमध्ये फुललेल्या रोहिड्याच्या शेंगा मे-जूनपर्यंत तडकतात, आतलं पातळ पंख असलेलं बी आंधीबरोबर उडतं आणि पहिला पाऊस येतो तेव्हा ते जमिनीवर हजर असतं. केराची फळं आणि खेजडीच्या शेंगाही उन्हाळ्यात पिकतात. थरमध्ये ओल टिकते ती जेमतेम काही आठवडे. पाऊस पडल्यावर फुलायला घेतलं तर बी तयार होईस्तोवर ओल संपलेली असते. जमिनीखालचं पाणी गाठता येणाऱ्या झाडाला ही वाट पाहण्याची गरज नाही, ते आधीच काम उरकून ठेवतं. म्हणजे 'पाऊस नाही तर फूल नाही' हा नियम गवताला लागू आहे, झाडांना नाही. मारवाडी स्वयंपाकघराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. केर आणि सांगरी, म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, या वसंतातल्या बहराचीच फळं. ती वाळवून वर्षभर पुरवतात.

"थंडी संपली की थेट उन्हाळा." दुपारी बारा वाजता बाहेर पडणाऱ्याला तसं वाटेल. मार्चमध्ये दुपारचं तापमान तेहेतीस-चौतीस अंशांपर्यंत जातं, पण पहाट गार असते. पक्षी, प्राणी आणि फुलांवरचे किडे त्याच वेळेत वावरतात.

पक्ष्यांबद्दल मजकूर अर्धं सत्य सांगतो. फलोदीजवळच्या खीचनला हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे कांड्या करकोचे, तिकडच्या भाषेत कुरजां, मार्चपर्यंत परत निघतात. खीचनला जून 2025 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा, मिळाला. करकोचे पाहायला जायचं असेल तर हिवाळाच खरा, यात वाद नाही. पण करकोचे गेले म्हणजे पक्षी गेले, हे कुठून आलं? पाहुणे जातात त्याच सुमारास तिथल्या रहिवाशांची विणीची धावपळ सुरू होते.

जांभळा सूर्यपक्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला मळकट असतो, छातीवर एक काळी रेघ तेवढी. फेब्रुवारीपर्यंत नर पुन्हा चकचकीत निळा-काळा होतो आणि रोहिड्याच्या फुलाफुलावर भांडत फिरतो. वेडे राघू मार्चपासून रेताड उतारांत बिळं कोरायला घेतात. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो आणि लाटेसारखे गिरके घेत खाली येतो. हे पाहायला उघडं माळरानच लागतं, दाट झाडीत दिसणार नाही. पखुर्डीची वीणही याच कोरड्या महिन्यांत असते. तिचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिसांत धरून लांबवरच्या पिल्लांपर्यंत उडत नेतो. पाण्याच्या तुटवड्यावर एखाद्या पक्ष्याने काढलेला याहून सुंदर उपाय मला माहीत नाही. आणि ज्यांना पाहुणेच हवेत त्यांच्यासाठी भोरड्या आहेत. महाराष्ट्रात पळस-सावरीवर दिसणारे हे गुलाबी-काळे थवे मध्य आशियाकडे परतताना मार्च-एप्रिलमध्ये वायव्य भारतातून जातात.

प्राणी रात्रीच फिरतात, असं म्हणणाऱ्याने जोधपूरच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या गुढा बिश्नोई गावची एक सकाळ पाहावी. काळवीट आणि चिंकारा दोन्ही दिवसा चरतात आणि शेतांच्या कडेने चरतात. मार्च-एप्रिल हा काळविटांच्या मीलनाच्या हंगामांपैकी एक आहे. नर आपापल्या जागा धरून उभे राहतात, मान मागे टाकून चालतात, शिंगं अडकवून झुंजतात. हे शहराच्या इतक्या जवळ दिसतं ते आपोआप नाही. 1730 साली जोधपूर दरबाराची माणसं चुनाभट्टीसाठी खेजड्या तोडायला आली तेव्हा खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजाची माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. 363 जणांचा जीव गेला. तो समाज आजही हरणांना शेतातून हाकलत नाही. गुढ्यात काळवीट दिवसाढवळ्या निर्धास्त चरतो, त्यामागे हे आहे.

सांडाही दिवसाच दिसतो. काटेरी शेपटीचा हा जाडजूड सरडा मुख्यतः शाकाहारी आहे. तो थंडीत बीळ आतून बुजवून झोपतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाला बाहेर येतो. कडक, सपाट जमिनीवर बिळांची तोंडं शोधायची आणि लांबूनच थांबायचं. सावली पडली तरी तो आत जातो. याच्या नावाने विकलं जाणारं तेल कृपा करून घेऊ नका. त्यासाठी हा प्राणी बिळातून खणून काढून मारतात, आणि ते तेल कशाचंही औषध नाही.

आता वेडी बाभूळ. हा मजकुरातला सर्वांत सबळ मुद्दा आहे. हे मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडचं झाड, आणि 1930च्या दशकात जोधपूर संस्थानात त्याचं बी विमानातून पेरलं गेलं. मारवाडात त्याला बावळिया म्हणतात. बारमाही हिरवं, शेळ्या पानाला तोंड लावत नाहीत, आणि त्याखाली देशी झाड सहसा उभं राहत नाही. शहराभोवती दिसणाऱ्या हिरवळीचा मोठा भाग तोच आहे, हे मान्य.

पण ती हटवता येते, हे जोधपूरमध्येच सिद्ध झालं आहे. तिथल्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमीन बावळियाने व्यापली होती. 2006 पासून निसर्ग-अभ्यासक प्रदीप कृष्ण आणि सहकाऱ्यांनी ती मोकळी करायला घेतली. मुळं ज्वालामुखी खडकाच्या भेगांत रुतलेली, वरून तोडलं की पुन्हा फुटणार. हा खडक सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचा आणि कमालीचा कठीण. शेवटी कामी आले खंडवालिया, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगडखाणीत काम करणारे कारागीर. हातोडी मारून निघणाऱ्या आवाजावरून खडक कुठे तडकेल हे ते सांगू शकत. त्यांनी छिन्नीने खळगे खणून मुळं काढली आणि त्याच खळग्यांत थरची देशी झाडं लावली गेली. 2011 साली राव जोधा डेझर्ट रॉक पार्क लोकांसाठी उघडलं. सर्वांत हिरवं ते पावसाळ्यातच असतं, पण थोर आणि केर फुललेले पाहायचे असतील तर फाल्गुनात जावं. किल्ला पाहायला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी गाडीही करावी लागत नाही.

राहिलं ते शेवटचं वाक्य, 'बाकी रिकामी जमीन'. माझा खरा राग त्यावर आहे.

थरमधली माळरानं आणि गायरानं सरकारी दप्तरात अनेकदा 'पडीक' म्हणून नोंदली जातात. गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांपैकी कित्येकांची गत तीच. पडीक म्हटलं की ती कशालाही देता येते. सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जातात म्हणून बिकानेर-जोधपूर भागात आंदोलनं झाली आहेत. रोहिड्याच्या लाकडाला मारवाडचं सागवान म्हणतात आणि त्याच कारणाने तो बेसुमार तोडला गेला आहे. सूर्याची वीज मलाही हवी आहे, आणि इतकं ऊन दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण जागा निवडताना इथे काय आहे हे मोजायला माणूस कधी पाठवला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मेमध्ये पाठवला तर त्याला वाळलेलं माळ दिसेल, फुललेला रोहिडा दिसणार नाही. वसंतातली पाहणी वगळून दिलेला 'काही नाही'चा शेरा अपुरा आहे.

जाणाऱ्यांसाठी: होळीच्या आधीचा आणि नंतरचा पंधरवडा धरा. सूर्योदयाला गुढा बिश्नोईच्या वाटेवर असा, आणि गावातलाच माणूस सोबत घ्या, कारण ती शेतं खाजगी आहेत. दहाच्या आत परत फिरा. संध्याकाळी राव जोधा पार्क. रोहिड्यासाठी मुद्दाम कुठे जाऊ नका, तो रस्त्यातच भेटेल. गाडी थांबवून झाडाखाली दहा मिनिटं उभं राहा आणि फुलांवर कोण कोण येतं ते लिहून काढा.