इमारतींना दाते मिळतात, पोथ्यांचं काय?

काळाघोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, तेव्हा फार आनंद झाला होता. जेकब ससून यांनी १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली ही वास्तू. जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि न्यूयॉर्कचा वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड तिच्यासाठी पुढे आले, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, ती आज लिहून टाकते. आपल्याकडच्या ज्यू वारशासाठी येणारा पैसा बहुतेक वेळा ससूनांच्या देखण्या वास्तूंकडे जातो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, पुस्तकांपर्यंत, कीर्तनांपर्यंत, मासिकांपर्यंत तो फारसा पोचत नाही.

ससूनांचं मोठेपण मी नाकारत नाही. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले आणि त्यांनी भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग उभारलं, लोक लाल देऊळ म्हणतात ते पुण्याचं सिनेगॉग उभारलं, ससून रुग्णालयाला देणगी दिली. त्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता, हे झाकून ठेवून दानाचं कौतुक करू नये. आणि त्याच पैशाचा हातभार लागलेलं रुग्णालय आजही गोरगरिबांच्या उपयोगी पडतं, हेही तितकंच खरं.

मला जास्त जवळची वाटते ती दुसरी एक गोष्ट. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तिथे हिब्रूही शिकवत. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनकडून या शाळेला अनुदान येई. पुढे एली कदुरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं. कदुरी मूळचे बगदादचे. ससूनांच्या पेढीत कारकुनी करून त्यांनी सुरुवात केली आणि हाँगकाँग-शांघायमध्ये नशीब काढलं. बगदादचा माणूस शांघायमध्ये पैसा कमावतो आणि माझगावातल्या मुलांच्या शाळेला देतो! आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संबंध म्हणून आज परिषदा भरतात, त्यांच्यापेक्षा हे मला कितीतरी खरं वाटतं.

पण नुसत्या पैशाने ती शाळा घडली नाही. रिबेका रूबेन या १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या विदुषी. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. देणगीदाराचं नाव पाटीवर राहिलं, ते योग्यच आहे. रूबेनबाईंचं नाव मात्र आज मराठी घरांत किती जणांना ठाऊक आहे? आज त्या शाळेत ज्यू मुलं जवळजवळ नाहीत, सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. शिक्षणासाठी दिलेला पैसा असाच पुढच्यांच्या कामी येत राहतो, म्हणून मला तो इमारतीच्या डागडुजीपेक्षा मोलाचा वाटतो.

आता पोथ्यांकडे येते. १८७४ मध्ये पुण्यात एक हग्गादा छापली गेली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक, मूळ हिब्रू आणि सोबत मराठी भाषांतर. त्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्याच काळात बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर कीर्तनं रचली आणि आपल्या हरिदासांच्या चालीवर ती सादर केली. हे मराठी वाङ्मयच आहे. तरी मराठीत एम.ए. होऊनही मला यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नव्हतं.

१९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. नातवंडं मात्र हिब्रूत वाढली. इकडे मराठी येणाऱ्यांना हिब्रू येत नाही, तिकडे हिब्रू येणाऱ्यांना मराठी येत नाही. मधल्या मधे ही पुस्तकं अडकली आहेत. दोन्ही भाषा जाणणारी चार-पाच तरुण मुलं तयार करायला एखादं घुमट दुरुस्त करण्याइतका पैसा लागत नाही. शिष्यवृत्ती द्या, वर्षभर जेरुसलेमला शिकायला पाठवा, तिकडची मुलं पुण्यात मराठी शिकायला आणा.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी कशाला?" असं विचारणारे भेटतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हाही ही कुजबुज होती. समाज लहान आहे म्हणूनच हे काम त्या समाजावर सोडता येत नाही. आणि आजच्या इस्रायल सरकारबद्दल कुणाचं मत काहीही असो, अलिबागच्या इस्रायल आळीचा, म्हणजे बेने इस्राएलांच्या जुन्या वस्तीचा, हिशोब त्याच्याशी जोडू नका.

हे काम परदेशी ट्रस्टनीच करावं असंही मला वाटत नाही. आपली साहित्य संमेलनं, आपल्या मराठी संस्था, अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं यांनी यात पैसे घालावेत. तोवर एक करता येईल. ज्यांच्या घरी जुनी हग्गादा, कीर्तनाची वही किंवा 'मक्काबी' या बेने इस्राएलांच्या नियतकालिकाचे अंक असतील, त्यांनी मूळ प्रत कुणाला देऊ नये. दिवसाच्या उजेडात पानापानाचा फोटो काढावा आणि सोबत ती कुठल्या गावच्या घराण्याची, कुणी वापरलेली, एवढं लिहून ठेवावं. वाचायला, लिप्यंतराला माणसं हवी असतील तर मला निरोप करा, मी येते.