‘सेमच आहे सर!’

वीस रुपयांच्या फरसाणाच्या पाकिटावर वजन, तारीख, किंमत, तेल कुठलं, सगळं छापायला लागतं. पीसीत गेमची चित्रं रंगवणाऱ्या पंचवीस-तीस हजारांच्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मात्र एक चिलखतवाला रोबोट, मागे वीज कडाडतेय, आणि एक चार आकडी नंबर. आत नक्की काय भरलंय ते हवं असेल तर खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात छापलेला मॉडेल नंबर शोधा, तो मोबाईलवर टाका, स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि दुकानदाराच्या वैतागलेल्या नजरेसमोर वाचत बसा. आणि तो चार आकडी नंबरही फसवा निघाला तर? खोटा नाही म्हणत मी. कायद्यात सापडतील इतके बावळट नाहीत ते.

झालं काय, भाच्याचा पीसी माझ्या गळ्यात पडला. ताईने त्याला गावातल्याच एका दुकानातून ‘गेमिंग पीसी’ घेऊन दिला होता. एका बाजूला काच, पुढे तीन रंगीत पंखे, अंधारात लग्नाच्या मांडवासारखा उजळतो. गेम मात्र एकही धड चालेना. ‘मामा, बघ ना काय झालंय.’ कॅबिनेट उघडलं तर आत जीटी ७३०. बिल मागवलं. त्यावर अक्षरशः एवढंच: ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी, १ नग’.

जीटी ७३०! एनव्हिडिया कंपनीचं २०१४ सालचं कार्ड. तेव्हाही ते गेमसाठी नव्हतं. आणि या एका नावाखाली तेव्हाच तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या गेल्या होत्या. एकात ९६ कोर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, दुसऱ्यात ३८४. एकात जुनी डीडीआर३ मेमरी, एकात वेगवान जीडीडीआर५. भाच्याच्या नशिबी ६४ बिटच्या अरुंद वाटेची डीडीआर३ आली होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी डेटा. त्या कार्डाला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळणं २०२१ मध्येच बंद झालं. भाच्याच्या आय-५ प्रोसेसरमध्ये जे ग्राफिक्स फुकट येतं, तेही जवळपास तेवढंच काम करतं! पण ताईला दुकानात काय सांगितलं? ‘मॅडम, चार जीबीचं हेवी कार्ड टाकलंय.’ हेवी! पाण्याची टाकी मोठी आहे म्हणून नळाला धार जोरात येत नाही, हे ताईला कोण सांगणार? तिने ‘चार जीबी’ ऐकलं आणि पैसे मोजले. तिचं काय चुकलं?

तर नवीन कार्ड घ्यायचं ठरलं. आता खरा वैताग सुरू. कारण कार्ड बदलायचं म्हणजे आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघायला लागतो आणि एसएमपीएसच्या स्टिकरइतकं निर्लज्ज लिखाण मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

कॅबिनेटबरोबर आलेला तो पत्र्याचा डबा. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनएवढं वजन. वर ठळक अक्षरांत ‘४५०’. वॉट असा शब्दही नाही पुढे, नुसतं ४५०, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तो मॉडेल नंबर! बाजूला बारीक तक्ता असतो, तो वाचायचा. बारा व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरा आकडा हा. आणि तोही तक्ता खरं बोलतोय असं धरून. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट खातं! मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, उरलेले आठ पिनांच्या वायरीतून यायला हवेत. ती वायर या डब्याला नव्हतीच. कुठून असणार? दुकानदाराला फोन केला तर म्हणे, ‘सर, कन्व्हर्टर लावा की, शंभर रुपयाला मिळतो.’ म्हणजे हार्ड डिस्कच्या जुन्या पांढऱ्या कनेक्टरवरून कार्डाला वीज द्या. मी विचारलं, जळलं तर? ‘आजवर कुणाची तक्रार नाही आली.’ येईलच कशी? जळलेला माणूस तक्रार करायला परत त्याच दुकानात जाईल?

असल्या एसएमपीएसवर कार्ड लावलं की डेस्कटॉप छान चालतो, यूट्यूब छान चालतं, आणि गेम रंगात आला की स्क्रीन काळी. मग मुलगा विंडोज परत टाकतो, ड्रायव्हर परत टाकतो, रॅम पुसून बसवतो, कार्ड खराब आहे म्हणून वॉरंटीला पाठवतो. कार्ड बिचारं ठणठणीत असतं. तेव्हा नवा ब्रँडेड एसएमपीएस आधी घेतला. बजेटमधले साडेचार हजार तिथेच गेले. भाच्याचं तोंड एवढंसं झालं, कारण एसएमपीएस मित्रांना दाखवता येत नाही.

आता कार्डाकडे. भाच्याचा मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० वाला, म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट जुन्या पिढीचा. हल्ली स्वस्त कार्डांचे कनेक्टर दिसतात पूर्ण लांबीचे, पण आत वायरिंग अर्धंच. आरटीएक्स ४०६० ला सोळाऐवजी आठच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, ५०६० लाही आठ. दुसरी कंपनी एएमडी, तिच्या २०२२ च्या ६५०० एक्सटीला तर चारच! नव्या बोर्डवर फारसा फरक पडत नाही. जुन्या बोर्डवर प्रत्येक लेनचा वेग निम्मा, आणि कार्डाची आठ जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच बोळातून मेन रॅममध्ये ये-जा करतो. मग सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बरा दिसतो आणि गेम मात्र उचक्या देत चालतो. जुना पीसी असलेला माणूसच स्वस्त कार्ड घेणार, हे शेंबड्या पोराला कळतं. नेमकं त्याच कार्डात हे छाटायचं!

म्हणून हिशेब करून ठरवलं, आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. जुनं आहे, २०२१ चं, पण सोळाच्या सोळा लेन आणि पोटभर मेमरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. काउंटरवरच्या पोराला स्पष्ट सांगितलं, ‘३०६०, बारा जीबी.’ तो आत गेला, खोकं घेऊन आला, वर दणदणीत ३०६०. फिरवून बघितलं तर ८ जीबी.

‘अहो, मी बारा सांगितलं.’

‘सेमच आहे सर, फक्त मेमरी कमी. आणि हजार रुपये वाचतायत तुमचे.’

सेम? मेमरीचा बस, म्हणजे डेटाचा रस्ता, १९२ बिटवरून १२८ वर आणलाय, बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबीवरून २४०. एक तृतीयांश रस्ताच उखडलाय आणि वर पाटी तीच! आणि हे त्या पोराच्या डोक्यातून निघालेलं नाही, त्याला जेवढं शिकवलं तेवढं तो बोलतो. ही शाळा वरची आहे. २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीला १२८० कोर दिले, ३ जीबीला ११५२, नाव दोघांना एकच. जीटी १०३० ला २०१८ मध्ये गुपचूप हळू डीडीआर४ मेमरी लावली आणि बँडविड्थ जवळपास एक तृतीयांशावर आणली, नाव तेच. आरटीएक्स ३०५० चंही तसंच, ८ जीबीला २५६० कोर, नंतर आलेल्या ६ जीबीला २३०४ आणि बसही बारीक. एकदाच काय ते शेकलं. २०२२ मध्ये दोन वेगळ्या चिपांना ४०८० म्हणायला निघाले, लोकांनी इतकी हजेरी घेतली की १२ जीबीवालं बाजारात येण्याआधीच मागे घ्यावं लागलं. पुढच्या जानेवारीत तेच ४०७० टीआय म्हणून आलं, शंभर डॉलर स्वस्त! म्हणजे नुसत्या पाटीचे शंभर डॉलर लावत होते, असाच त्याचा अर्थ ना?

२०२५ मध्ये ५०६० टीआय आलं, ८ आणि १६ जीबी, नाव एकच. लाँचच्या वेळी रिव्ह्यू करणाऱ्यांच्या हातात १६ जीबीचीच कार्डं दिली. का, ते सांगायला नको. एएमडीवाले काही सोवळे नाहीत, त्यांच्या ९०६० एक्सटीचं तेच, ८ आणि १६, नाव एकच. ऑनलाइन साइटवर तर दोन्ही एकाच फोटोखाली आणि खालचा रिव्ह्यू ‘मस्त कार्ड, सुपर डिलिव्हरी’. कुठल्या कार्डाचा, देव जाणे.

आणि ती एमआरपी! इंपोर्टरचं स्टिकर वाचा कधीतरी. विक्रीच्या भावाच्या दुप्पट आकडा, त्यावर भलंमोठं डिस्काउंट, त्यात १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला. गिऱ्हाइकाला वाटतं लॉटरी लागली. डॉलरचा भाव आणि जीएसटी मांडून बघितलं की कळतं, कोणी काही सोडलेलं नाही. उगाच ‘तुमच्यासाठी म्हणून’ कशाला म्हणता?

शेवटी १२ जीबीवालं निघालं आतल्या रॅकमधून. होतं म्हणजे! बिल आलं, त्यावर ‘३०६० कार्ड, १ नग’. मी म्हटलं, पूर्ण मॉडेल नंबर, मेमरी आणि सिरियल नंबर लिहा. तर म्हणे, ‘सिस्टिममध्ये तेवढी जागा नाही सर.’ रोबोटाचं चित्र काढायला जागा आहे, १२ लिहायला नाही. तसाच उभा राहिलो. मागचा गिऱ्हाईक ‘काका, आवरा ना’ म्हणाला, त्याला म्हटलं, तूही लिहून घे. शेवटी त्या पोराने बॉलपेनने सगळं लिहिलं, शेठने न बघता शिक्का मारला, तो नेमका सिरियल नंबरवरच. दुसरं बिल करायला लावलं.