ठिबकचं अनुदान पाहिजे? मग आधी पैसेवाले व्हा

पाणी वाचवायचं मनावर घेतलंय ना? छान. सरकारलाही तेच पाहिजे. ठिबकला अनुदान देणारी 'प्रति थेंब अधिक पीक' योजना २०१५ पासून चालू आहे. पाच एकरापर्यंतवाल्याला योजनेतून ५५ टक्के, त्यावरच्याला ४५, त्यात राज्य आपली वेगळी भर घालतं आणि आकडा जातो ८० आणि ७५ वर. आता फक्त घ्यायचं कसं तेवढं शिकून घ्या, मी नुकताच शिकून बसलोय.

सगळ्यात आधी पिकाला समजावून सांगा की सरकारची पूर्वसंमती येईपर्यंत सुकायचं नाही. घाई करून आधीच ठिबक आणलंत आणि बिलावर आधीची तारीख पडली तर पाणी वाचलं ते वाचलं, अनुदानाचं नाव काढायचं नाही. न सांगता पाणी वाचवणारा माणूस योजनेत बसतच नाही.

सातबाऱ्यावर सामाईक खातं असेल तर संमतीपत्रावर सह्या होईपर्यंत भावकीत भांडू नका.

विहिरीत पाणी आहे का ते नंतर बघू, सातबाऱ्यावर विहीर आहे का ते आधी बघा.

८० टक्के ऐकून लगेच हिशोब मांडू नका. ते तुमच्या बिलाचे ८० टक्के नसतात हो, सरकारने धरलेल्या खर्चाचे असतात. डीलर कितीला देतो तो तुमचा आणि डीलरचा प्रश्न.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोका तपासणी, म्हणजे साहेब रानात येऊन संच बघतात ती, होईपर्यंत पीक काढू नका. आम्ही काढलं. कांदा तयार झाला म्हणून काढला, एवढाच गुन्हा. कांदा निघाला की नांगरायच्या आधी लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, गोळा करून ठेवावेच लागतात, नाहीतर फाळाखाली तुकडे होतात आणि उंदरं कुरतडतात ते वेगळंच, म्हणून नीट बंडलं बांधून शेडमध्ये ठेवली. पीक उभं होतं तेव्हा कुणी फिरकलं नाही, रान नांगरून पडल्यावर साहेब आले. बंडलं दाखवली, बिल दाखवलं, पाइपवरचा आयएसआय मार्क दाखवला, फिल्टर तर विहिरीजवळ उभाच होता. तर म्हणे असं चालत नाही, जमिनीवर पसरलेले पाहिजेत, जीपीएस फोटोत शेतकरी आणि लॅटरल दोन्ही दिसले पाहिजेत. मग काय, भर उन्हात घरची सगळी माणसं धरून ढेकळांवर नळ्या अंथरल्या, मी मध्ये उभा राहिलो, खटाखट फोटो निघाले आणि साहेब गेल्यावर सगळं पुन्हा गुंडाळलं. एक थेंब पाणी सुटलं नाही त्यातून. पण फोटो आला!! आणि एवढं करून अर्ज परत आला, का तर आधारवर वडलांचं नाव पूर्ण आणि सातबाऱ्यावर अर्धं. अरे मग फोटोच्या आधी नाही का दिसलं ते? कागद तर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच पडलेत ना?

बास झालं आता उपदेश. आता सरकारशी सरळच बोलतो. संचाचे पूर्ण पैसे आम्ही आधी भरायचे, उसने आणून, व्याजाने काढून, आणि तुमचे पैसे कधी येणार विचारलं की निधी आला नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो अनुदान घेतो आणि ज्याच्यासाठी ५५ टक्के लिहिलेत तो अजून पाटानेच पाणी देतोय, मग वर तुम्हीच म्हणायचं की शेतकऱ्याला पाण्याची किंमत नाही. लाज वाटली पाहिजे. आमचा कर्जाचा हप्ता थकला की व्याज आणि वर दंड लावता ना? मग तुमचं अनुदान थकल्यावर आम्हाला व्याज का नाही? तपासणीला किती दिवसांत यायचं ते ठरवा, पीक रानात असताना या, आणि कागदात खोट असेल तर खर्च करायला लावायच्या आधी सांगा. एवढं जमत नसेल तर बांधावर येऊन पाणी वाचवायची भाषणं तरी देऊ नका.