दुसऱ्या लग्नाच्या मुलांना वारसाहक्क आहे

‘दुसरीची मुलं अनौरस, बापाच्या जमिनीत त्यांना दमडीही मिळत नाही’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पहिली बायको हयात असताना केलेलं लग्न रद्दबातल ठरतं, हे खरं. पण हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ त्या मुलांना औरसच मानतं. लेकरांचा त्यात काय दोष?

१ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं: वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मृत्यूच्या लगेच आधी वाटप झालं असं धरून एकत्र कुटुंबातला त्यांचा जो हिस्सा निघेल, त्यात या मुलांचाही वाटा असतो. मात्र ती जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासूनच हक्क असलेले हिस्सेदार, होत नाहीत. काकांच्या हिश्श्यावर त्यांचा दावा चालणार नाही.