सीबीडी तेल आणि मामीची रविवारची गोळी

गेल्या महिन्यात मामीकडे गेले, तर तिला कुकरचं झाकण लावता येईना. सकाळचे दहा वाजून गेले तरी बोटं आखडलेली, मनगटं सुजून गरम. तिला आमवात आहे, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. ती आवरायला दर रविवारी घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी तिने पाच आठवडे घेतलीच नव्हती. का, विचारलं तर तिने फोन पुढे केला.

मेसेज असा (सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातला, नशा न आणणारा एक घटक): ‘शरीरात गांजाची यंत्रणा निसर्गानेच बसवली आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी तिच्यावरच चालतात. सीबीडी तेलाने सूज मुळापासून जाते. नैसर्गिक आहे, अपाय नाही. गोळ्या बंद करा.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशूलम यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून एक रेणू वेगळा केला आणि आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून त्याला आनंदामाइड म्हटलं. पण तो शरीराचा स्वतःचा रेणू आहे. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, पेशीवरच्या त्याच्या कुलपात किल्लीसारखा बसतो, इतकंच.

‘पेशी तिच्यावरच चालतात’ हे तर साफ चूक. या यंत्रणेतलं सीबी२ नावाचं कुलूप प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतं, हे खरं. पण त्या पेशी इतर कितीतरी संकेतांवर चालतात. शिवाय आनंदामाइडसारखे रेणू एरवी साठवून ठेवलेले नसतात. गरज पडली की पेशी आपल्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून ते तयार करते, निरोप जवळपास पोचतो, आणि एन्झाइम ते लगेच तोडतात. सीबी२वर निरोप पोचला की मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी बऱ्याचदा सूज वाढवणारी सायटोकाइन्स नावाची रसायनं कमी सोडतात. मात्र यातलाच दुसरा रेणू, २-एजी, तुटला की अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल बनतं आणि त्यातून सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ शकतात. त्यांनाच अडवायला आपण आयबुप्रोफेन घेतो! एकच रेणू सूज आवरतोही आणि तुटल्यावर तिला सरपणही पुरवतो. तेव्हा ‘यंत्रणा चेतवा, सूज घालवा’ हे गणितच बसत नाही.

आणि सीबीडी? त्याची सीबी२वर पकडच कमकुवत आहे. मुद्दाम सीबी२ चेतवण्यासाठी बनवलेलं लेनाबासम हे औषधसुद्धा त्वचा व अवयव कडक करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या मोठ्या चाचणीत २०२० साली अपयशी ठरलं. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्यांना १२ आठवडे सीबीडी दिलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वेदनेत नकली गोळीपेक्षा फरक पडला नाही.

अपाय नाही म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: अपस्मारासाठी २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधावरच यकृताबद्दल इशारा आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचं यकृत तर आधीच रक्त तपासून जपावं लागतं.

मेसेजचं शेवटचं वाक्य, ‘गोळ्या बंद करा’, सगळ्यात घातक. आमवातात सांध्याचं सुजलेलं अस्तर कूर्चा आणि हाड कुरतडतं, आणि ती झीज भरून येत नाही. दुखणं थोडं कमी वाटलं तरी आत कुरतडणं चालू राहू शकतं.

डॉक्टरांनी मामीचं रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू केली. तेलाचं सांगायला ती लाजत होती, म्हणून बाटली मीच पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.