‘मीठ, तेल आणि ऊन लागले की मुदत नाही’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

वाळवणांचे दिवस आले की सोलापुरातल्या कितीतरी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: आजीच्या काळी फ्रिज नव्हता तरी अन्न वर्षभर टिकत असे, मीठ, तेल आणि ऊन लागलेल्या पदार्थाला मुदत नसते, शेंगा भाजल्या की त्यांतला दोष जातो, बुरशी आली तर वरचा थर काढून खालचे खावे, आणि फ्रिज व प्रिझर्व्हेटिव्ह हेच आजारांचे मूळ आहे. बचत गटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. हा संदेश वरवर पाहता आमच्याच कामाची स्तुती करतो, पण तो वाचून कोणी खराब शेंगदाणे वापरले किंवा बुरशीचे लोणचे मुलांना वाढले तर होणारे नुकसान खरे असेल, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा मीठ, तेल आणि उन्हाचा. अन्न खराब करणारे जिवाणू आणि बुरशी यांना वाढण्यासाठी पाणी लागते, आणि जुन्या बहुतेक पद्धती हे पाणी त्यांच्या हाती लागू देत नाहीत. आमची कडक भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर इतकी वाळवायची की हाताने मोडताच तिचा कट् असा आवाज आला पाहिजे. मध्यभागी ती मोडण्याऐवजी नुसती वाकली, तर ती पुन्हा तव्यावर जाते. त्याच पिठाची मऊ भाकरी पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेवली, तर दोन-तीन दिवसांत तिच्यावर ठिपके दिसू लागतात. अन्नातले मोकळे पाणी 0 ते 1 या मापात मोजतात. बहुतेक जिवाणूंना 0.9 च्या वर पाणी लागते आणि 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही. आता मिठाचे पाहा: पाण्यात आणखी विरघळेनासे होईपर्यंत मीठ घातले तरी हे माप 0.75 च्या आसपासच थांबते, आणि काही बुरशी त्याहूनही कमी पाण्यात तग धरतात. त्यामुळे मीठ लावले एवढ्यावरून पदार्थाला मुदत नाही असे म्हणता येत नाही. मीठ किती, ओल किती आणि आंबटपणा किती, हे तिन्ही पाहावे लागते.

तेलाबाबतचा गैरसमज अधिक धोकादायक आहे. तेल हवा अडवते हे खरे, पण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेला कारण ठरणारा जिवाणू नेमका हवा नसलेल्या जागीच वाढतो. कैरीचे लोणचे सुरक्षित राहते ते तेलाइतकेच, किंबहुना अधिक, आंबटपणामुळे आणि मिठामुळे, कारण सामू (आंबटपणाचे माप, pH; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढू शकत नाही. नुसता सोललेला ओला लसूण तेलात बुडवून ओट्यावर महिनाभर ठेवणे मात्र धोक्याचे आहे, आणि संदेशात हा फरक कुठेही सांगितलेला नाही.

दुसरा मुद्दा भाजण्याचा, आणि सोलापूरकरांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर कारण त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने तयार केलेल्या त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर आघात करते आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. आपल्याकडेही 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. भाजताना बुरशी मरते, पण तिने आधी तयार करून ठेवलेले विष घरच्या कढईतल्या आचेने पूर्ण नष्ट होत नाही, थोडेफार कमी होते इतकेच. म्हणून खरा बचाव भाजण्यापूर्वी, निवडताना होतो. आम्ही दाणे परातीत पसरून उजेडात निवडतो आणि सुरकुतलेले, काळपट पडलेले, फुटके किंवा किडलेले दाणे बाजूला काढतो, कारण विष बहुधा अशाच थोड्या दाण्यांत एकवटलेले असते. शंका आली तर दाण्याच्या दोन डाळी वेगळ्या करून आत पाहावे. बाहेरून धड दिसणाऱ्या दाण्याच्या पोटातही कधी कधी हिरवट-करडी पूड असते. काढलेले दाणे जनावरांना घालू नयेत, कारण ते विष दुधात उतरते. चटणीला पुढे येणारा खवटपणा ही वेगळी गोष्ट आहे; तो हवा आणि उजेडामुळे दाण्यातल्या तेलात होणारा बदल असतो.

बुरशीचा वरचा थर काढून खालचे खावे, हा सल्ला लोणचे, मुरांबा, भाकरी, पाव यांपैकी कशालाही लागू नाही. दिसतो तो बुरशीचा फक्त वरचा भाग. तिचे तंतू मऊ पदार्थात खोलवर गेलेले असतात. असा पदार्थ टाकून द्यावा.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे सरसकट विष, या विधानाला आपले नियमच उत्तर देतात. 1955 च्या भेसळ प्रतिबंधक नियमांत परिरक्षकांचे, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचे, दोन वर्ग केलेले होते आणि पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले आणि खाद्यतेले होती. सोडियम बेंझोएटसारखी दुसऱ्या वर्गातली द्रव्ये ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणातच चालतात. दम्याच्या रुग्णांना याच वर्गातल्या गंधकाच्या संयुगांचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्यांनी बेदाणे घेताना वेष्टन जरूर वाचावे.

राहिला फ्रिज. फ्रिज विष तयार करीत नाही; तो जिवाणूंची वाढ मंद करतो, थांबवत नाही, आणि लिस्टेरियासारखा एखादा जिवाणू थंडीतही हळूहळू वाढतो. तेव्हा फ्रिजमध्ये आठवडाभर शिजवलेली भाजी साठवू नये, एवढ्यापुरती संदेशातली फ्रिजवरची टीका मला मान्य आहे. परंतु सोलापुरात मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो, आणि अशा दिवसांत दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवणे हे फ्रिजपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. भातात तग धरून राहिलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत ते पुन्हा वाढतात, आणि त्यांनी सोडलेले उलट्या घडवणारे विष भात परत गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा, उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.